गाडी बंद केल्यावर
हडपसरच्या चौकात हवालदाराने दिग्विजयची गुरगुरणारी कार अडवली आणि वाकून तिचा बदललेला सायलेन्सर पाहिला. "साहेब, याला सायलेन्सर म्हणतात. गाडी गप्प करायला असतो." दिग्विजय सारखा घड्याळ बघत होता, खराडीत दहाला मीटिंग होती. हवालदाराने आवाज मोजायचं यंत्र गाडीमागे धरलं आणि त्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. आकडा १०४वर गेला. "मर्यादेबाहेर आहे. पावती फाडतो." "काका, यात अख्ख्या चौकाचा आवाज धरलाय," म्हणत त्याने इंजिन बंद केलं आणि यंत्र हातात घेतलं. बस, रिक्षा, टेम्पो हॉर्न वाजवत होते. आकडा ९५च्या खाली येईना. "बघा, गाडी बंद आहे माझी." तो जिंकल्यासारखा हसला. मग पुन्हा आकड्याकडे बघून त्याने विचारलं, "काका, इथे किती वर्षं ड्युटी?" हवालदाराने डावा कान पुढे केला. "मोठ्याने बोला, साहेब."