पहिल्या बाकावरच्या दोघी

कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहून झाला होता. फक्त खाली सही राहिली होती. ती पेनाचं टोपण काढायची, पुन्हा लावायची. वाचनालयात दुपारची सामसूम होती. समोर गणिताची वही उघडी होती. दीड महिन्यात ती भरत आली होती. अक्षर तिचंच, अगदी मोत्यासारखं. अर्थ मात्र एकाही ओळीचा लागत नव्हता.

शाळेत ती गणितात कायम पहिली. निकालाच्या दिवशी तिचे बाबा शिलाई मशीन थांबवून येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला तिचे मार्क सांगायचे. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला कळून चुकलं, की आपण वासरांतली लंगडी गाय होतो. गणिताचे सर वर्गात आले की पाठ फिरवायचे आणि लिहायला लागायचे. तिसरा फळा भरेपर्यंत पहिला पुसलेलाही असायचा. "समजलं ना?" असं ते पाठमोरेच विचारायचे, मग जेमतेम मागे वळून बघायचे. तिला ओ की ठो कळलेलं नसायचं. पण शेजारी बसणाऱ्या चष्मेवालीची मान ठामपणे हलायची. मग नंदीबैलासारखी हिचीही हलायची.

रविवारी वसतिगृहाच्या फोनवर आई विचारायची, "जमतंय ना गं?"

"हो, सोपं आहे," असं सांगून ती फोन ठेवायची आणि बराच वेळ जिन्यातच बसून राहायची.

अखेर तिने पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवलं, तेवढ्यात चष्मेवाली येऊन समोर बसली. तिला कालची वही हवी होती. वहीबरोबर अर्जही तिच्या हाती लागला. तिने तो सावकाश वाचला.

"का चाललीस?"

"मला काही कळत नाही. पहिल्या दिवसापासून."

चष्मेवालीने चष्मा काढला आणि ओढणीने पुसत बसली. चष्म्याशिवाय ती एकदम लहान दिसली. "मग मान कशाला हलवतेस?"

"तू हलवतेस म्हणून."

"अगं, मी तर तुझ्याकडे बघून हलवते."

दोघी आधी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग जे हसू फुटलं ते आवरेना. ग्रंथपालांनी शेवटी त्यांना बाहेर काढलं. पुढे कित्येक वर्षं, दोघींचे केस पांढरे झाल्यावरही, कुणा एकीच्या घरी भेट झाली की त्या दुपारची आठवण निघायचीच. व्हरांड्यातलं ते ऊन, तोंडावर ओढणी दाबून भिंतीला टेकलेल्या त्या दोघी. आपल्याला तसं हसता यायचं, याचंच त्यांना नवल वाटायचं.

हसू ओसरल्यावर चष्मेवाली म्हणाली, "चल, सरांना सांगू. ओरडतील फार तर. तू तशीही चाललीच आहेस."

सरांची खोली जिन्याखाली होती. टेबलावर जाडजाड पुस्तकं उलटी घालून ठेवली होती. मधल्या कागदावर उद्याचा धडा लिहिलेला, खोडलेला, पुन्हा लिहिलेला. चहावर साय धरली होती. दोघींना दारात बघून सर एकदम उठून उभे राहिले. ते जेमतेम पंचविशीचे असतील, आणि वर्गावर उभं राहण्याचं त्यांचंही ते पहिलंच वर्ष होतं. तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. तिला दिसला तो फक्त त्यांचा गंभीर चेहरा.

"काही शंका आहे का?" त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

"शंका नाही, सर," ती म्हणाली. "आम्हाला पहिल्या दिवसापासून काहीच कळलेलं नाही."

सर हळूच खुर्चीत बसले. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, मग हाताला लागलेला खडू पुसला.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "तुम्ही दोघी रोज अशा माना हलवता, मला वाटायचं यांना सगळं येतंय. आता काहीतरी अवघड विचाराल, या भीतीने मी फळ्याकडून तोंडच वळवत नव्हतो."