बदली गोलकीपर

महिला फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगची फायनल होती. आसेगावच्या देवमनची लेक स्नेहा एका संघाची राखीव गोलकीपर. सगळा मोसम तिनं बाकावर बसून काढला होता. सामना बरोबरीत राहिला, निकाल पेनल्टीवर लागणार हे दिसलं, तसं कोचनं नेहमीच्या गोलकीपरला बाहेर बोलावलं आणि स्नेहाला आत पाठवलं.

घरी टीव्हीसमोर तिच्या आईनं, वच्छलानं टाळ्या वाजवल्या. देवमन मात्र उठून उभा राहिला.

"इतके दिवस काहून नाही आठवली माही पोरगी? आता हारले, का खापर हिच्याच डोक्यावर फोडतीन."

"तुमाले त सगळ्याइचाच संशय येते," वच्छला म्हणाली.

पोरीची फजिती त्याला बघवणार नव्हती. चपला घालून तो वावराकडे निघून गेला.

परत आला तर अंगणात माणसं जमलेली. स्नेहानं शेवटची पेनल्टी अडवली होती, संघ जिंकला होता. तेवढ्यात तिचाच फोन आला.

"बाबा, सरांनी मले पेनल्टीसाठीच राखून ठेवलं होतं. घरीबी सांगू नको म्हने. शेवटची पाह्यली ना तुमी?"

"पाह्यली ना!"

"मंग सांगा, कोन्त्या हातानं अडवली?"

देवमननं वच्छलाकडे बघितलं. तिनं न बोलता आपला पाय पुढे केला.

"हातानं कुठं? पायानं अडवली तू."

पलीकडे स्नेहा हसली.

"बाबा, आई बाजूलेच उभी हाय ना?"