हिशेबाबाहेरचा टेकू

खाणीच्या छताला द्यायचा लाकडाचा टेकू मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये फरशीवर आडवा पडला होता. त्याच्या एका बाजूला हेड ऑफिसातून आलेल्या हिशेबाच्या बाई उभ्या होत्या, दुसऱ्या बाजूला खाणीचा टिंबर मिस्त्री. साहेब टेबलामागे फोनवर बोलत होते.

"हा तुमचाच ना?" बाईंनी विचारलं.

"माझाच. सात नंबरच्या बोगद्यातला."

"लाकूड बंद होऊन वर्ष झालं, मिस्त्री. स्टोअरमध्ये शून्य शिल्लक आहे. मग हा आला कुठून?"

"जुन्यातला एक लपवून ठेवला होता."

कामगारांनी बाईंचं नाव कात्री ठेवलं होतं. त्यांनी आधी दुपारचा दुसरा चहा कापला, मग ओव्हरटाइम, मग लाकूड. लाकडी टेकू मोडला की गेला. लोखंडी एका जागचा काढून दुसऱ्या जागी लावता येतो. बाईंचं गणित चूक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बाई वाईटही नव्हत्या. सरकारने ताब्यात घेतल्यापासून सव्वीस वर्षं ही खाण तोट्यात होती. बंद करायच्या खाणींच्या यादीत तिचा नंबर वरून तिसरा. यंदा पहिल्यांदाच एक टन कोळसा काढायचा खर्च विक्रीच्या भावाखाली आला होता. आज वर्षाचा शेवटचा दिवस. दुपारच्या पाळीने साडेतीनशे टन वर पाठवले की खाण नफ्यात, आणि यादीतून बाहेर. दोन हजार घरांच्या चुली त्या साडेतीनशे टनांवर अवलंबून होत्या.

"लपवला कशासाठी?"

"लाकूड बोलतं, बाई. वरून छताचा दाब यायला लागला की करकरतं. कधी तासभर आधी, कधी दिवसभर आधी. आम्ही जन्मभर त्याच्यावर कान ठेवून काम केलं. लोखंड मुकं असतं. शेवटपर्यंत ताठ उभं राहतं आणि जातं ते एकदम. म्हणून लोखंडाच्या रांगेत हा एक घुसवला होता. रोज त्याच्याच बुडाशी बसून डबा खायचो."

"म्हणजे ऐकायला ठेवलेला टेकू. हा मी कोणत्या खर्चात दाखवू?"

"कानाच्या औषधात दाखवा."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "सकाळी तुम्हाला चौकशीला बसवलं तेव्हाच काढून घेतला. केवढा त्रास दिला त्याने! चार माणसं लागली, साखळी लागली. अर्धा तास काम बंद."

"साखळी?" मिस्त्रीने विचारलं. "घणाच्या दोन घावांत सुटायला पाहिजे होता."

तो गुडघ्यांवर बसला. टेकूच्या वरच्या टोकावरून त्याने बोटं फिरवली. लाकूड ठेचून चघळलेल्या दातणासारखं पिंजलं होतं. काल डबा खाऊन उठला तेव्हा ते टोक शाबूत होतं. त्याने स्वतः हात लावून पाहिलं होतं. तो वितीने टेकू मोजू लागला. एकदा मोजला, मग पुन्हा बुडापासून मोजला. अकरा विती कापलेला टेकू चार बोटं कमी भरत होता.

"साहेब, छत खाली बसतंय, पाळी बाहेर काढा." त्याचा आवाज फाटला. "आत्ताच्या आत्ता. सतरा माणसं आहेत सातमध्ये. माझा जावई आहे."

साहेबांनी फोन ठेवला आणि ते टेबलाला वळसा घालून आले. शिकाऊ असताना पहिला टेकू कसा ठोकायचा ते त्यांना याच मिस्त्रीने शिकवलं होतं, त्यामुळे त्या पिंजलेल्या टोकाचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी मागच्या भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. तिथे खडूने लिहिलं होतं, एकशे ऐंशी बाकी.

"मला खाणीतलं काही कळत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "धोका असेल तर थांबवा. पण मग यादीचं माझ्या हातात काही राहणार नाही, एवढं लक्षात घ्या."

मिस्त्री अजून गुडघ्यांवरच होता. त्याला साहेबांचे पाय धरावेसे वाटत होते, आणि पाय धरून काम होणार असतं तर त्याने धरलेही असते.

"खाली विचारून घेतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी खाणीचा फोन उचलला. "मुकादम, छत कसं आहे?... तसं नको, नीट बघून सांग. सगळ्यांना हात थांबवायला लाव. मशीन बंद कर. आणि कान देऊन ऐक."

फोनमधून नुसती खरखर येत होती. मिस्त्री उठून टेबलापर्यंत आला, फोन हिसकावून घ्यायला हात पुढे केला आणि तसाच थांबला.

"बरं," साहेब म्हणाले. "नक्की ना? पुन्हा एकदा ऐक... बरं. मग चालू ठेव."

त्यांनी फोन जागेवर ठेवला. चेहऱ्यावर रंग परत आला होता. शिकाऊ असताना हाक मारायचे तशीच त्यांनी मिस्त्रीला हाक मारली.

"काका, उगाच जीव टांगणीला लावलात. खाली एकदम चिडीचूप आहे. कुठे काही करकरत नाही."