हिरव्या ड्रेसचं टोक

"हे टोक काढून टाकू या, लतीफा आंटी," मार्लीझ म्हणाली. "कंबरेची शिवण सरळ घ्या. बाकी ड्रेस सुंदर झालाय."

लतीफाने अजून खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नव्हती. तिने मासिकासाठी शिवलेला ड्रेस मार्लीझच्या टेबलावर पसरला होता. गडद हिरवं सुती कापड, धाटणी छप्पन्न सालची. वरचा भाग अंगाबरोबर, खाली भरपूर घेर, आणि दोन्ही जुळतात तिथे पुढच्या बाजूला खाली उतरलेलं एक टोक. केप टाउनच्या बायका तेव्हा शनिवारी नाचायला जाताना असे ड्रेस घालत. त्या एका टोकासाठी लतीफाने कागदावर अकरा वेळा आखणी केली होती.

"टोक काढलं तर उरलं काय?" ती म्हणाली. "पोत्याला पट्टा."

"वाचकांना जमत नाही हो." मार्लीझने खण उघडून पत्रांचा गठ्ठा काढला. या शिवणकामाच्या मासिकाची संपादक होऊन तिला दोन वर्षं झाली होती. "गेल्या वर्षी असाच कोपरा असलेला स्कर्ट छापला, त्यावर आलेली ही पत्रं. चुण्या पडल्या, भोक पडलं, चांगलं कापड वाया गेलं. अंक शुक्रवारी छपाईला जायचाय. सरळ करून देत असाल तर थांबते. नाहीतर त्या पानावर एप्रन टाकते."

दाराला टेकून फोटोग्राफर डेन्झिल उभा होता. "उजेड आहे तोवर काय ते ठरवा," तो म्हणाला. "मला एप्रनही चालेल. कुरकुर करत नाही बिचारा."

लतीफाने दोन पत्रं उभ्या उभ्या वाचली. मग गठ्ठा परत टेबलावर ठेवला.

"तू शिवतेस का, मार्लीझ?"

मार्लीझने डेन्झिलकडे पाहिलं, मग पत्रांकडे. "मी आधी स्वयंपाकाच्या मासिकात होते."

"तिथे स्वयंपाक करायचीस?"

"नाही."

"मग बस." खिडकीजवळ नमुने दुरुस्त करायचं मशीन होतं. लतीफाने त्याच्यासमोर खुर्ची ओढली. पिशवीतून हिरव्या कापडाचे उरलेले तुकडे काढले, एकाला टोक कापलं, दुसऱ्याला ते टोक बसेल अशी खाच आखून भोवती टीप मारली. "हे दोन तुकडे जोड. तुझ्या हाताला जमलं तर टोक राहील. नाही जमलं तर कंबर मीच सरळ करून देते. वर तुझा एप्रनही शिवून देते."

"संपादकबाई मशीनवर?" डेन्झिलने कॅमेरा उचलला. "मुखपृष्ठ मिळालं."

"तू बाहेर जा," दोघी एकदमच म्हणाल्या.

पहिल्या वेळी टोकाशी चार चुण्या पडल्या.

"उसव," लतीफा म्हणाली.

दुसऱ्या वेळी सहा पडल्या. मार्लीझचे कान लाल झाले. लतीफा हात पाठीमागे बांधून उभी होती. सॉल्ट रिव्हरच्या कारखान्यात तिने बावीस वर्षं कॉलरी बसवल्या होत्या, नव्या पोरींना शिकवलंही होतं. आपण कापडाला हात लावला की समोरचीचा हात शिकायचा थांबतो, हे तिला ठाऊक होतं.

"बघितलंत?" मार्लीझ म्हणाली. "आणि मी सूचनेप्रमाणेच केलं." तिने गेल्या वर्षीचा अंक पुढे सरकवला. लतीफाने बोट ठेवून वाचलं. 'कोपऱ्यात जपून, थोडीशी कातर द्या.'

"हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"काठापासून टिपेकडे कातर कुठवर दिलीस?"

"निम्म्यापर्यंत."

"का?"

"टीप कापली गेली तर? सगळंच उसवेल ना."

लतीफाने वाकून पाहिलं. कातर भित्री होती, टिपेपासून चांगली लांब थांबली होती. सगळ्या पत्रांतल्या चुण्या तिथे होत्या.

"पुढे जा," ती म्हणाली. "टिपेआधी कापडाचा एक धागा उरेपर्यंत."

"एक?"

"मोज."

मार्लीझने कात्रीचं टोक टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग तिने कात्री मिटली. खाच उघडली आणि ताणलेलं कापड सैल पडलं.

"आता शिव. कोपऱ्यावर आलीस की थांब. सुई कापडातच राहू दे. कापड दाबून धरणारा फूट उचल. कापड फिरव. फूट खाली. घाबरून सुई वर काढलीस तर पुन्हा उसवायला लावेन."

मशीन चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. मार्लीझने तुकडा सुलट केला. टोक खाचेत बसलं होतं. चुणी एकही नव्हती. तिने त्यावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला.

"थोडं डावीकडे गेलंय," ती म्हणाली.

"गेलंय," लतीफा म्हणाली. "पण चुणी नाही."

मार्लीझ उठली. दार उघडून तिने डेन्झिलला हिरवा ड्रेस दिला आणि फोटोसाठी दिवे लावायला सांगितलं. मग कॉम्प्युटरसमोर बसून ते पान उघडलं. 'जपून' खोडलं. 'थोडीशी' खोडलं.

"सांगा, काय लिहू?"

"टिपेआधी कापडाचा एक धागा उरेपर्यंत कातर द्या," लतीफा म्हणाली. "इथे हात थरथरेल. तरी द्या."

मार्लीझची बोटं थांबली. "हात थरथरेल, हेही लिहायचं?"

"ते आधी लिही."