ओलीचा अंदाज

"तुझ्या बोटांचं कळलं आम्हाला, लॅकलन," कॅप्टन बाल्फोर म्हणाले आणि नजर झेंड्याकडे वळवली. "एक तारखेपासून सकाळची फेरी इनिस करेल. तू ऑफिसात बसायचं. यंत्रांना हात लावायचा नाही."

लॅकलन गेडीस सातव्या ग्रीनवर गुडघा टेकून बसला होता, तसाच राहिला. क्लबाचा कॅप्टन भल्या सकाळी, दवही उडालेलं नसताना, बूट भिजवत चालत येतो तेव्हा काहीतरी बिनसलेलंच असतं. हे त्याला दुरूनच कळायला हवं होतं.

फाइफच्या त्या किनाऱ्यावर गोल्फची मैदानं पुष्कळ, पण ग्रीन म्हटलं की लोक लॅकलनचंच नाव घ्यायचे. बाकी क्लबांची माणसं त्याला मास्तर म्हणत, थोडं चिडवून, थोडं मनापासून. ती मातीत यंत्राचे खिळे खुपसून ओल मोजत. लॅकलन रोज उजाडताना अठराव्या ग्रीनपासून पहिल्याकडे उलटा चालत जायचा आणि प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या त्या बारीक कापलेल्या गवतावर, तळहात ठेवायचा. हात उचलला की आज पाणी किती द्यायचं ते सांगून मोकळा. त्याचं चुकत नसे, आणि चुकत नाही याचा त्याला चांगलाच माज होता.

मग बोटं पांढरी पडू लागली. जन्मभर थरथरणारी यंत्रं धरल्याचं हे बक्षीस. आधी टोकं गेली, मग तळवा. आता गवत काय आणि टेबल काय, त्याच्या हाताला सारखंच. शेजारच्या गावातल्या डॉक्टरखेरीज हे कुणालाही ठाऊक नव्हतं, घरीसुद्धा नाही. हात टेकायचं नाटक त्याने चालूच ठेवलं. आसपास कुणी नसलं की बाही वर सारायची आणि बाळाचं दूध तपासतात तसं मनगटाची आतली बाजू गवताला लावायची. जूनमध्ये अकरावं ग्रीन वाळून पिवळं पडलं तेव्हा त्याने पूर्वेच्या वाऱ्याला शिव्या घातल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तर म्हणतोय म्हणजे वाराच असणार.

मग कॅप्टनच्या कानावर हे घातलं कुणी? एवढ्या सकाळी मैदानावर दुसरं असतं कोण? एकटा इनिस.

इनिस रॅट्रे शेडमध्ये कापणीच्या यंत्राची पाती पुसत होता. शाळा सुटल्यापासून तो लॅकलनच्या हाताखाली होता. झेंड्यासाठी भोक सरळ कसं कापायचं इथपासून सगळं त्याला लॅकलनने शिकवलं होतं. त्याच्या लग्नात बापाच्या जागी लॅकलनच उभा राहिला होता. ते सगळं त्याने आज दारातूनच काढलं. पाठीत सुरा खुपसलास म्हणाला, माझ्या खुर्चीवर डोळा होता तर तोंडावर सांगायचंस म्हणाला. जे बोलू नये तेही बोलला. इनिसचे कान लाल झाले. त्याने हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

"दोन वर्षं झाली मला कळून, मास्तर. तुम्ही बाही वर करायला लागलात की मी झुडपाआड थांबायचो, तुमचं होईपर्यंत. गुरुवारी कॅप्टनच्या घरी कोण गेलं होतं, ते तुम्ही तुमच्या घरी जाऊन विचारा."

घर जवळच होतं, पण त्या दिवशी वाट संपेना. इनिसने दगा दिला असता तर लॅकलनने तो पचवला असता. हाताखालचा माणूस कधीतरी वर चढायला बघणारच. पण मोराग? या नोकरीपलीकडे नवऱ्याजवळ काही नाही, हे जिला सगळ्यांत जास्त ठाऊक, तीच टोपी घालून कॅप्टनचं दार वाजवायला गेली होती?

मोराग चुलीपाशी लापशी ढवळत होती. त्याने विचारलं, तिने हो म्हटलं. चमचा थांबलासुद्धा नाही.

"माझ्या पाठीमागे," तो म्हणाला. "मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"विचारलं असतं तर हात खिशात घातले असतेस. उन्हाळाभर वाट पाहिली मी, तू आपणहून सांगशील म्हणून."

"तुला सांगितलं कोणी?"

मोरागने भांडं खाली उतरवलं आणि त्याच्याकडे वळली.

"मार्चमध्ये माझ्या बहिणीला पुरून आपण परत येत होतो. तू गाडी चालवत होतास. रस्त्यावरची नजर न काढता तू माझ्या गालावरून हात फिरवलास आणि म्हणालास, शाब्बास, रडली नाहीस."