निवेदन करणारा

सुनंदाने कॅसेट यंत्रात सरकवली. पितांबरच्या हातात चहाचा कप होता. त्याने तो खाली ठेवला.

"लावू?" सुनंदाने विचारलं.

"नाही पाहिलं तर नाही का चालणार?"

"तानुबाईच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्यासमोर बघा."

दीपनगरच्या त्या दोन खोल्यांत रविवारपुरता व्हीसीआर भाड्याने आला होता. कॅसेट मात्र महिनाभर कपाटात पितांबरच्या शर्टांखाली पडून होती. अभिमनने धुळ्याहून पाठवलेली. पाकिटावर नाव पितांबरचं. माझ्या नवऱ्यालाच पाठवतो, काय निलाजरा माणूस, असं सुनंदाला तेव्हाच वाटलं होतं.

ब्याऐंशी साली धुळ्यात कॉलेजच्या पोरांचा ऑर्केस्ट्रा होता. पितांबर गायचा, अभिमन ॲकॉर्डियन वाजवायचा आणि तालमी टेप करून ठेवायचा, सुनंदा निवेदन करायची. मंचावर मुलगी ती एकटीच. पुढे पितांबरला दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी लागली, त्याच्या फैजपूरच्या घरून लग्नाचा लकडा सुरू झाला आणि त्याने सुनंदाला मागणी घातली. अभिमन लग्नाला आला नाही. का आला नाही, ते सुनंदाला कुणी सांगायची गरज नव्हती.

आता त्याच अभिमनने, ना कुठली कंपनी ना कुणी शेठ, चार मित्रांना हाताशी धरून सिनेमा काढला होता. धुळ्यातल्या एका हॉलमध्ये तो दाखवला गेला, आणि शेजारची तानुबाई माहेरून येताना तिखटमीठ लावून ती गोष्ट घेऊन आली.

"दोन पोऱ्या नि एक पोर," ओट्यावर ऐसपैस बसून ती सकाळी म्हणाली होती. "पोर दोन्हीस्ले नाचाडस. बठ्ठा धुयामा तुन्हंच नाव शे, वहिनी."

"सगळ्या धुळ्यात माझं नाव? दोघा पोरांना नाचवणारी ती पोरगी तर गाते म्हणे. मी कुठे गायले कधी?"

"सिनेमामा काय बी करतस. फैजपूरले सासूले समजी तवय काय सांगशी?"

तेच तर, सासूला काय सांगायचं? सुनंदाने आता व्हीसीआरचं बटण दाबलं.

पडद्यावर ओल आलेली खोली दिसली. गाणारी पोरगी पदराने ॲकॉर्डियनवाल्याच्या मानेवरचा घाम पुसत होती. पुसून झाल्यावर तिने पदर नाकाशी नेला.

"शी," सुनंदा म्हणाली.

मग दोघं एकाच पेल्यातून पाणी प्यायली, तोंड लावून. निवेदन करणारा पोरगा तर अगदीच येडा. केसांना तेल चोपडलेलं, हातात चिठ्ठ्या, आणि त्या दोघांचे जेवणाचे डबे सांभाळत विंगेत उभा. डोळ्यांदेखत एवढं चाललंय, पण ह्याला चिठ्ठ्यांचा क्रम लावायची पडलेली.

"बघितलंत? मला गाणारी केलं, तुम्हाला निवेदन करणारा. कामं बदलली की लोक ओळखणार नाहीत, असं वाटलं त्याला. आणि वर तुम्हाला बावळट दाखवलंय."

"बावळट नाहीये तो. साधा आहे."

"तुम्ही म्हणजे ना. कुणी तोंडावर शेण फेकलं तरी म्हणाल, शेण साधं आहे."

पितांबर हसला नाही. तो पडद्याकडेही नीट बघत नव्हता. ॲकॉर्डियनवाला दिसला की खिडकीकडे बघायचा.

सिनेमा तरी धड असावा. पोरगी गायला उभी राहिली की नुसतं तोंड हलायचं, ऐकू यायची ती ॲकॉर्डियन. तासभर झाला तरी एक गाणं नाही.

शेवटी तिचं त्या निवेदन करणाऱ्याशीच लग्न ठरलं. घरचे पाठीमागे लागले होते, आणि हा बरा आहे, एवढंच कारण. हळद लागल्यावर ती मागच्या दाराने निघाली ती थेट त्या खोलीवर. अंगाची हळद तशीच. तिने ॲकॉर्डियनवाल्याची बोटं एकेक करून ओठांना लावली.

"तो चांगला आहे रे," ती म्हणाली. "त्याला जन्मभर काही कळणार नाही."

सुनंदा मागे सरकली. घाम, हळद, ओठ, सगळंच अंगावर सांडल्यासारखं वाटलं.

"ज्याच्यासोबत संसार मांडायचा, त्याच्याबद्दल असं बोलते. असल्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "अहो, शपथेवर सांगते, हळदीच्या दिवशी मी उंबरा ओलांडला नव्हता."

"मला माहीत आहे."

"त्याला कधी बोटसुद्धा लावलं नाही."

"माहीत आहे, सुनंदा."

"लोक काय वाटेल ते बोलतील. तुमचा विश्वास आहे ना?"

"तुझ्यावर बोट ठेवायला जागा नाही," पितांबर म्हणाला. तो उठला आणि परसात जाऊन उभा राहिला, पाठमोरा.

असा नवरा शोधून सापडायचा नाही. सुनंदा स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून तिने चूळ भरली, पुन्हा भरली. तिला स्वतःचाही थोडा विटाळ वाटला. अभिमन लग्नाला आला नाही, तेव्हा मनातल्या मनात ती थोडी सुखावली होती. आता उद्याच पत्र टाकायचं, चांगलं सडकून. आमच्या संसाराला तुमचे खरकटे हात लावू नका म्हणावं.

वैजू खेळून आली होती. सहा वर्षांची पोर, धुळीच्या पायांनी टीव्हीपुढे मांडी घालून बसली होती. सुनंदा हात पुसत बाहेर आली, ते यंत्र बंद करायलाच. एवढ्या वेळानंतर पडद्यावरच्या पोरीचं गाणं ऐकू येत होतं.

वैजूने मान वळवली.

"आई, पप्पा मला निजवताना बाईसारखं गातात ना, तोच आवाज हिच्या तोंडातून कसा येतोय?"