पूर्ण पत्ता

कॉम्प्युटरवर सगळ्या गिऱ्हाइकांची मापं दिसेनाशी झाली आणि शिंपीणबाईंनी लेकाला हाक मारली. मापं गेली म्हणजे दुकानच बसलं.

लेक येऊन बघून म्हणाला, "आहेत गं आई. तू प्रोग्रॅमची जागा हलवलीस. तो स्वतः बसतो तिथेच मापांची फाइल शोधतो. नाही मिळाली, तर न विचारता नवी कोरी करून मोकळा होतो. आता त्याला पूर्ण पत्ता लिहून दिलाय."

"म्हणजे तुझ्या बाबांवरच गेलाय. हाताशी कात्री दिसली नाही, की आणली नवी."

मापं परत आली. बाईंनी लगेच नवऱ्याच्या शिलाई मशीनवर चिठ्ठी चिकटवली: 'कात्री. मागची खोली, लोखंडी कपाट, मधला खण.'



संध्याकाळी नवरा म्हणाला, "चिठ्ठी वाचायला चष्मा सापडेना, म्हणून नवा करायला टाकून आलो."